मीटर लावला की बरा होणारा चॅनेल

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारे एक चाचा महिन्यातून एकदोनदा सांगलीच्या गावभागात माझ्या घरी येतात. येताना नव्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग आणतात आणि माझ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला हेडफोन लावून ते ऐकतात. दुकानात शेजारी कानस चालू असते, बाहेर गाड्या असतात. तिथे लागलीय असं वाटणारी जवारी, म्हणजे घोडीवर तारेखालचा दोरा सरकवून आणलेली गुंज, इथे खरी कळते, असं त्यांचं म्हणणं. जुलैमधल्या एका पावसाळी संध्याकाळी ते असेच ऐकत बसले होते. पंधराएक मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला, उलटा करून पुन्हा लावला आणि म्हणाले, "भाऊ, एका बाजूचा खर्ज बोथट झालाय बघा. मगाशी चांगला होता."

मी ऐकलं. मला आधी काहीच वेगळं वाटलं नाही. मग खाँसाहेब अब्दुल करीम खाँची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. त्या काळचं मुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत तेच. दोन्ही चॅनेल सारखे असतील तर आवाज डोक्याच्या मधोमध बसतो. इथे तो मधे बसत होता, पण सूर चढला की डावीकडे सरकत होता. उजवा चॅनेल जोराचा भाग पुरता देत नव्हता. तंबोऱ्यात हेच चाचांनी पकडलं होतं. खर्जाची तार छेडली की आधी आघात येतो आणि मग त्यातून स्वरांचं झाड उमलतं. उजवीकडे आघाताचं टोक कापलेलं होतं आणि पुढचं उमलणं चिकट होतं. हेडफोन उलटा केल्यावर दोष दुसऱ्या कानात गेला, म्हणजे कान सुटला. इनपुटच्या वायरी अदलाबदल केल्या तरी दोष ॲम्प्लिफायरच्या उजव्याच चॅनेलवर राहिला. म्हणजे प्लेअरही सुटला. पाच मिनिटांत शोध पेटीच्या उजव्या अर्ध्यावर, नाहीतर हेडफोनच्या त्या बाजूवर आला.

मशीन असं आहे. एक ईसीसी ८२ आणि एक ६०८०. दोन्ही व्हॉल्व्ह जोड-ट्रायोड, म्हणजे एकाच काचेत दोन स्वतंत्र अर्धे. प्रत्येक अर्ध्यात इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, ते गोळा करणारी प्लेट आणि मधे त्यांचा प्रवाह आवरणारं ग्रिड. डावा चॅनेल प्रत्येकाच्या एका अर्ध्यावर, उजवा दुसऱ्यावर. ईसीसी ८२ आवाज वाढवतो. त्याची प्लेट मधे कुठलाही कपॅसिटर न घेता थेट ६०८० च्या ग्रिडला जोडली आहे. ६०८० हा मुळात पॉवर सप्लायमध्ये रेग्युलेटर म्हणून वापरायचा दणकट व्हॉल्व्ह. त्याचं नुसतं हीटरच ६.३ व्होल्टवर २.५ ॲम्पिअर घेतं. इथे तो कॅथोड फॉलोअर म्हणून चालतो, म्हणजे आवाज न वाढवता हेडफोनला लागणारा करंट पुरवतो. कॅथोडखाली ३ किलोओहमचा १० वॅटचा रेझिस्टर, आणि तिथून १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ३०० ओहमच्या हेडफोनला आवाज जातो. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटना लागणारा उच्च डीसी पुरवठा, १७० व्होल्ट. ईसीसी ८२ च्या प्लेटला २२ किलोओहम, कॅथोडला ४७० ओहम. व्हॉल्यूम पॉट आणि ग्रिड यांच्यामध्ये मी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आहे, पॉटची खरखर कमी व्हावी म्हणून. तो टाकला की ग्रिडपासून अर्थला एक ग्रिड-लीक रेझिस्टर द्यावाच लागतो. माझा ४७० किलोओहमचा. हा रेझिस्टर या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. या मशीनमधले बरेचसे रेझिस्टर आणि टॅगस्ट्रिप, म्हणजे भाग सोल्डर करायच्या टॅगांच्या पट्ट्या, एका जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेले आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका घरात तो रेडिओ दोनतीन दिवस पाण्यात होता. त्या घरात वर्षानुवर्षं त्याच्यावर आकाशवाणी सांगली लागायची. टाकून देणार होते, मी मागून आणला. धुतला, उन्हात वाळवला, आणि ज्याची किंमत मीटरवर बरोबर आली तो भाग ठेवला. त्या रेडिओचं काहीतरी वाजत राहावं, ही माझी इच्छा होती आणि आजही आहे.

१७० व्होल्ट डीसी हाताला लागला तर माणूस जाऊ शकतो, आणि मशीन बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहतो. प्लग काढायचा, १० किलोओहम १० वॅटच्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे करायचे, मीटरवर शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. चालू मशीनवर मोजताना एक हात पाठीमागे, आणि आऊटपुटला हेडफोनऐवजी ३३० ओहमचा रेझिस्टर. ऐकून बघायचंच असेल तर फुटपाथवरचा स्वस्त इअरफोन वापरायचा, चांगला हेडफोन नाही. सॉकेटमधून ईसीसी ८२ चालू मशीनवर कधीही उपसायचा नाही. तो निघाला की ६०८० चं ग्रिड थेट एचटीवर चढतं.

दुसऱ्या दिवशी मशीन वीस मिनिटं तापवलं आणि मोजायला बसलो. ६०८० चे कॅथोड: डावा १०३ व्होल्ट, उजवा ९१.

इथे माझी पहिली चूक झाली. ६०८० चे दोन अर्धे एकसारखे नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. बारा व्होल्टचा फरक पाहिला आणि माझ्या डोक्यात निकाल लागला की व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. जपून ठेवलेला दुसरा ६०८० घातला, वीस मिनिटं थांबलो, मोजलं. १०२ आणि ९०. व्हॉल्व्ह बदलला, आकडे तिथेच. दोन चॅनेल एकाच काचेत असतात तेव्हा व्हॉल्व्हची डावी-उजवी अदलाबदल करता येत नाही, ही या बांधणीतली अडचण आहे. नवा आणून लावणं एवढीच चाचणी उरते, आणि ती महाग पडते.

आऊटपुट कपॅसिटर गळतोय का, हेही बघितलं. कॅथोड बारा व्होल्टनी खाली ओढायचा तर बराच जास्त करंट गेला पाहिजे, आणि तो कपॅसिटरमधून जात असता तर आऊटपुटवर डीसी दिसला असता. आऊटपुटवर १५ मिलिव्होल्टसुद्धा नव्हते. कपॅसिटर न उपसता, एका मोजमापात निर्दोष ठरला.

मग मागे सरकलो. ईसीसी ८२ च्या प्लेट: डावी, म्हणजे पिन १ वर, ८५ व्होल्ट. उजवी, पिन ६ वर, ६६. थेट जोडणीत ६०८० चा कॅथोड आपल्या ग्रिडच्या मागेमागे जातो. म्हणजे ६०८० बिचारा जे वरून येत होतं तेच पुढे देत होता. दोष त्याच्या आधी होता.

यानंतर मी जे केलं ते या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी वाटतं. प्लेट खाली येण्याची कारणं दोन. एक तर प्लेटचा रेझिस्टर वाढलेला असेल, किंवा व्हॉल्व्ह खरोखर जास्त करंट खात असेल. रेझिस्टर न काढता हे कळतं, कारण तोच करंट कॅथोडच्या रेझिस्टरमधूनही जातो. उजवीकडे कॅथोडवर २.२ व्होल्ट होते, भागिले ४७०, म्हणजे ४.७ मिलिॲम्पिअर. प्लेटच्या बाजूने १७० वजा ६६, म्हणजे १०४ व्होल्ट, भागिले २२ हजार, तेही ४.७. डावीकडे कॅथोडवर १.८२ व्होल्ट, म्हणजे ३.९ मिलिॲम्पिअर. प्लेटकडून ८५ भागिले २२ हजार, पुन्हा ३.९. दोन्ही बाजूंनी केलेले दोन्ही हिशेब जुळले. चारही रेझिस्टर खरं बोलत होते आणि उजवा अर्धा खरोखरच जास्त करंट खात होता. नवा ईसीसी ८२ घातला तरी तसंच. व्हॉल्व्ह ठीक, प्लेट ठीक, कॅथोड ठीक. व्हॉल्व्हला आणखी एकच टोक असतं. ग्रिड.

मीटरचा काळा प्रोब अर्थला, लाल पिन ७ वर टेकवला. शून्य व्होल्ट. जे असायला हवं तेच. निराश होऊन मी प्रोब तसाच धरून बसलो होतो, आणि टेबलावरच्या इअरफोनमधून बारीक येणारा आवाज एकदम मोकळा झाला. प्रोब काढला. आवाज काही वेळ चांगला राहिला आणि हळूहळू परत बसला. पुन्हा टेकवला, पुन्हा मोकळा.

दुसरा मीटर आणला. तो उजव्या प्लेटवर कायमचा लावून ठेवला आणि पहिला ग्रिडला टेकवला. प्लेटचा आकडा डोळ्यांदेखत ६६ वरून ८५ वर गेला, एकदोन सेकंदांत. ग्रिडवरचा प्रोब उचलल्यावर दहाबारा मिनिटांत तो ६६ वर उतरला. ज्या जागी दोष होता तिथे मोजायला गेलं की दोष निघून जात होता, म्हणून मला शून्य दिसत होतं. प्लेटवर मोजताना मात्र तो तसाच राहत होता. एक मीटर दूर ठेवून दुसऱ्याने हात लावल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

आता, मीटर लावल्याने बरं का होतं? मीटर सर्किटकडे बघायला लागला की मीटरही सर्किटचा भाग होतो. माझा डिजिटल मीटर दोन गोष्टी आणतो: सुमारे १० मेगाओहमचा रस्ता अर्थकडे, आणि प्रोबच्या वायरीची थोडी कपॅसिटी. कुठल्या गोष्टीने आजार गेला, त्यावर निदान अवलंबून होतं. कपॅसिटीने गेला असेल तर व्हॉल्व्ह कानाला न ऐकू येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट करत होता, म्हणजे स्वतःच लहरी काढत होता. तेव्हाही करंट वाढतो, तेव्हाही आवाज चिकट होतो. रस्त्याने गेला असेल तर ग्रिडला डीसीचा रस्ताच नव्हता. मशीन बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, पिन ७ पासून अर्थला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर क्लिपने लावला. चालू केलं, वीस मिनिटं थांबलो. प्लेट ६६. पुन्हा बंद, कपॅसिटर काढला, त्या जागी १० मेगाओहमचा रेझिस्टर. प्लेट ८५ वर, आणि तासभर तिथेच. ऑसिलेशन नव्हतं. ग्रिड तरंगत होतं.

व्हॉल्व्हचं ग्रिड काहीच करंट घेत नाही असं आपण शिकतो, आणि कामापुरतं ते खरंही आहे. पण काचेत उरलेल्या कणभर वायूचे आयन, सॉकेटवरून होणारी बारीक गळती, असं काहीतरी थेंबथेंब तिथे येतच असतं. ४७० किलोओहमचा रस्ता असला की ते निघून जातं. एक नॅनोॲम्पिअर आला तरी त्या रेझिस्टरवर अर्धा मिलिव्होल्टही पडत नाही. रस्ता तुटला की तोच थेंब ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठत जातो. माझ्या मशीनमध्ये ग्रिड सुमारे १.६ व्होल्टनी वर चढून थांबत होतं. त्याला लागणारी दहाबारा मिनिटं धरली तर येणारा करंट सरासरी ०.२ नॅनोॲम्पिअर निघतो, म्हणजे एका ॲम्पिअरचा पाचशे कोटीवा भाग. चाचांना "मगाशी चांगला होता" असं का वाटलं, ते या हिशेबात आहे. चालू केल्यावर कपॅसिटर रिकामा असतो, म्हणून मशीन निरोगी वाटतं. आणि १.६ ला येऊन का थांबतं? कारण तिथे ग्रिड कॅथोडपेक्षा अर्धाएक व्होल्टच खाली उरतं, आणि तेवढ्या जवळून ते स्वतः इलेक्ट्रॉन ओढायला लागतं, तिथे तोल बसतो. निरोगी चॅनेलमध्ये ते १.८ व्होल्ट खाली असतं. तंबोऱ्याची तार छेडली की लहर ग्रिडला वर ढकलते. डावीकडे तिला पुरेशी जागा होती. उजवीकडे लहर वर गेली की ग्रिड इलेक्ट्रॉन ओढायचं आणि टोक कापलं जायचं. हळू आवाजात काहीच कळत नव्हतं, आघातालाच कळत होतं. म्हणूनच माझ्या कानाने ते आधी पकडलं नाही आणि खर्ज ऐकणाऱ्या कानाने पकडलं.

यानंतर दोष दहा मिनिटांत सापडायला हवा होता. त्याला पूर्ण संध्याकाळ गेली, आणि ती माझी दुसरी चूक. मशीन बंद, कपॅसिटर रिकामे, ग्रिड-लीक रेझिस्टरच्या दोन्ही पायांवर प्रोब टेकवले. ४६८ किलोओहम. उत्तम. मग मी कपॅसिटर काढून बघितला, सॉकेट स्पिरिटने पुसलं, पिनांची पकड सुईने आवळली. काहीच बदललं नाही. रात्री जेवताना लक्षात आलं की मी रेझिस्टर मोजला, रस्ता मोजलाच नाही.

उठून पुन्हा बसलो. या वेळी एक प्रोब सॉकेटच्या पिन ७ वर आणि दुसरा रेझिस्टरपासून लांब, चॅसिसवरच्या मुख्य अर्थ-बोल्टवर. मीटरवर काहीच नाही, सर्किट उघडं. डाव्या चॅनेलला पिन २ पासून त्याच बोल्टपर्यंत ४७१ किलोओहम. उजवीकडे दुसरा प्रोब बोल्टवरून टॅगवर आणला, तरी उघडं. टॅगवरून रेझिस्टरच्या पायावर आणला, ४६८. टॅग आणि पाय यांच्यामध्ये अंतर काय, तर सोल्डरचा एक चकचकीत गोळा.

भिंग लावून बघितलं. सोल्डर टॅगवर छान पसरलं होतं, पण रेझिस्टरच्या पायाभोवती केसासारखी काळी रेघ होती, भाताच्या शितात काडी रुतावी तशी. चिमट्याने पाय हलकेच ओढला तर गोळ्यातून अलगद बाहेर आला. त्याच्यावर सोल्डरचा कणही नव्हता. काळा, निस्तेज पाय. पुराच्या पाण्यात गेलेली तार. किंमत बरोबर आली म्हणून मी रेझिस्टर घेतला होता, पाय खरवडला नव्हता. दोन वर्षं तो नुसता दाबाने टेकून चालला. तापणं-थंडावणं आणि पावसाळी दमट हवा, यांत एक दिवस ती टेक सुटली.

दुरुस्ती छोटी होती. त्या जागी नवा ४७० किलोओहमचा अर्ध्या वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर बसवला. पाय टॅगच्या भोकातून घेऊन आकड्यासारखा वळवला, म्हणजे सोल्डर नसतानाही तो धरून राहील, आणि मग डाग दिला. आधी टॅग आणि पाय दोन्ही तापवायचे आणि सोल्डर तापलेल्या धातूला लावायचं. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून वरून सोडलेलं सोल्डर बसतं, पण धरत नाही. डावीकडचाही बदलला, त्याच रेडिओतला होता म्हणून. मग दोन्ही चॅनेलच्या प्रत्येक पिनपासून तिच्या शेवटच्या टोकापर्यंत रस्ता मोजत गेलो, भागाच्या पायांवर प्रोब न ठेवता. डाव्या आऊटपुटच्या ब्लीडरचा, म्हणजे साठलेला चार्ज अर्थला सोडणाऱ्या रेझिस्टरचा, एक पाय तसाच काळा निघाला. तो अजून तुटला नव्हता. तोही बदलला.

नवे आकडे: ईसीसी ८२ च्या प्लेट ८४ आणि ८६, ६०८० चे कॅथोड १०२ आणि १०४. चार तास चालू ठेवून दर पाव तासाला लिहून घेतले. अर्ध्या व्होल्टच्या बाहेर काही गेलं नाही. हे आकडे मी कागदावर लिहून चॅसिसच्या तळाच्या झाकणावर आतून चिकटवले आहेत. निरोगी असताना मोजून ठेवलेले आकडे माझ्याकडे असते, तर ६०८० वर एक दिवस गेला नसता.

पुरातल्या रेडिओतले उरलेले रेझिस्टर एका डब्यात होते. ते सगळे काढून पाय ब्लेडने खरवडले. ज्यांचे पाय खाली लख्ख तांबूस-पांढरे निघाले ते नव्याने टिनिंग करून, म्हणजे सोल्डरचा पातळ थर देऊन ठेवले. ज्यांचा काळा रंग आत मुरला होता ते मात्र मन घट्ट करून टाकले.

पुढच्या आठवड्यात चाचा आले. मी काही सांगितलं नाही. त्यांनी हेडफोन घातला आणि तोच तंबोरा लावला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. त्यांनी हेडफोन उलटा केला, सुलटा केला, डोळे मिटले. मग पिशवीतून वही काढली आणि काहीतरी लिहू लागले. ॲम्प्लिफायरबद्दल असेल म्हणून मी विचारलं.

"ते बरं झालंय," ते म्हणाले. "पण भाऊ, या तंबोऱ्याच्या जोडीतल्या दुसऱ्या तारेचा दोरा मला अजून थोडा सरकवायला लागणार. इतके दिवस मी ते तुमच्या मशीनवर ढकलत होतो."